भिंगारची संकरित मोटार

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. भिंगारमध्ये कुणाचाच बसला नाही, आणि भिंगारची माणसं तशी भोळी आहेत. दर निवडणुकीला दिसतंच ते. पण पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी मोटार जगात पहिल्यांदा रस्त्यावर आली ती आमच्या भिंगारमध्ये, शहाण्णव सालच्या एप्रिलात, आणि ती माझी होती.

परवा पेपरात आलं की जपानमध्ये अशी मोटार निघाली आहे, तिला हायब्रीड म्हणतात. खाली तिच्या फायद्यांची भली मोठी यादी. शेजारचा कारभारी दुपारी माझ्या ओट्यावर बसून ती यादी मोठ्यानं वाचत होता. धूर कमी. आवाज कमी. पेट्रोलची बचत. उतारावर वीज आपोआप तयार होते. मी ऐकून घेतलं. जपानी लोकांना दीड वर्ष उशीर झाला याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. मात्र यादी अपुरी होती. संकरित मोटारीचे खरे फायदे ज्यानं ती वापरली त्यालाच ठाऊक असणार, आणि असा मनुष्य या देशात एकच आहे. त्याला विचारायला जपानहून कुणी आलं नाही, म्हणून त्या दुपारी जे कारभारीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

पहिला फायदा हा की, अशी मोटार घेतल्यावर माणसाला आपले शेजारी कळतात. पण तो नंतर सांगतो.

मी रंभाजी. लष्कराच्या एका भांडारात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो, सिव्हिलियन. एवढ्या वर्षांत लाखभर नट-बोल्ट मोजले आणि त्यातला एकही खिशातून घरी आणला नाही. ही पहिली थाप असं तुम्हाला वाटलं असेल. ते तेवढं खरं आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मला मोटारीचं वेड कधीच नव्हतं. मोटार घ्यायची होती ती आक्कासाठी. आक्काबाई माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी, राहणार तिसगाव. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला आंघोळ घालण्यापासून नगरच्या बोर्डिंगात घालण्यापर्यंत सगळं तिनं केलं, आणि ते लोकांच्या रानात खुरपून केलं. बहात्तरच्या दुष्काळात करंजी-तिसगाव रस्त्याचं काम निघालं तेव्हा ती त्या रस्त्यावर खडी फोडत होती. मी रजेवर गेलो होतो. तिच्याशेजारी उन्हात बसलो आणि नोकरीच्या ऐटीत म्हणालो, "आक्का, याच रस्त्यावरनं तुला माझ्या मोटारीतनं नेईन बघ."

आक्का म्हणाली, "आदी ही पाटी उचलू लाग."

त्यानंतर चोवीस वर्षं ती त्या रस्त्यानं एस.टी.त उभी राहून गेली. शहाण्णव साली तिच्या नातीचं, दीपाचं लग्न ठरलं. दीपाला आई नाही. पोर दीड वर्षाची असल्यापासून आक्कानंच वाढवली. मुलगा कोल्हारचा, लग्न भिंगारच्या हॉलवर, एकोणीस मे, दुपारी बारा पस्तीस. तिसगावची सगळी मंडळी सकाळी टेम्पोनं निघणार होती. मी आक्काला कार्ड टाकलं: तू टेम्पोत बसू नकोस, मी मोटार घेऊन येतो. पोस्टमननं ते कार्ड वाटेतच चार जणांना वाचून दाखवलं. त्यामुळे आक्काच्या हातात पडायच्या आधीच गावाला ठाऊक झालं की रंभाजी मोटार घेऊन येणार. आता मोटार आणणं भाग होतं.

मोटार मिळाली ती कंडम गाड्यांच्या लिलावातून, तिसऱ्या हाताची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढं त्या कंपनीचा तिच्यात फारसा भाग उरला नाही. रंग हिरवा होता. तब्येत उत्तम होती, फक्त पेट्रोल फार प्यायची. पंपावरून घरी येईपर्यंत पुन्हा पंपावर जायची वेळ यायची. म्हणून मी ती कानिफनाथ मिस्त्रीकडे नेली. कानिफनाथ लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला. रणगाडा खोलून परत जोडलेला माणूस. जोडल्यावर तीन भाग शिल्लक राहिले होते असं लोक म्हणतात, पण रणगाडा चालला.

त्यानं मोटारीखाली सरपटत जाऊन पाहिलं, बाहेर आला आणि म्हणाला, "तात्या, ही एका बैलाची गाडी झाली. दुसरा बैल जुंपू."

"दुसरा बैल कुठला?"

"करंट."

पंधरा दिवसांत त्यानं डिकीत ट्रकच्या चार बॅटऱ्या बसवल्या. मागच्या चाकांच्या दांड्याला एक विजेची मोटर साखळीनं जोडली. स्टिअरिंगशेजारी एक पितळी खटका लावला. खटका वर केला की पेट्रोल, खाली केला की वीज, मधे धरला की दोन्ही. दोन्ही लागले की मोटार अशी सुटायची की पहिल्या दिवशी माझी टोपी भिंगार वेशीपाशी राहिली आणि मी छावणीच्या नाक्यावर पोचलो. टोपी नंतर रिक्षानं आली.

आता शेजारी. भिंगारमध्ये नळाला पाणी एक दिवसाआड येतं, सल्ला मात्र रोज येतो आणि पूर्ण दाबानं येतो. कारभारीकडे दोन संकरित गायी आहेत. मोटार संकरित आहे एवढं त्यानं ऐकलं आणि तेव्हापासून माझ्या मोटारीकडं तो डॉक्टरच्या नजरेनं बघायला लागला.

"तात्या, उन्हात बांधू नका. संकरित जातीला ऊन सोसत न्हाई. वर पाचट टाका, दुपारी गोणपाट भिजवून घाला."

"कारभारी, ती मोटार आहे."

"व्हय, पन जात नाजूकच. आन् इमा उतरवा. कानाला बिल्ला मारत्यात."

मी हसलो. चार दिवसांनी मोटार उन्हात तापून बंद पडली, कानिफनाथनं बॅटऱ्यांवर ओलं गोणपाट घातलं आणि ती सुरू झाली. त्या दिवसापासून कारभारीनं मला सल्ला द्यायचा परवानाच काढला. पलीकडच्या गुरुजींनी हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला चव नसते या विषयावर पाऊण तास घेतला. माझी बायको मनकर्णा एवढंच म्हणाली, "माणसानं रिटायर झाल्यावर पेरू लावावेत."

बॅटऱ्या घरच्या विजेवर भरायच्या होत्या. मी प्लग लावला की आळीतले सगळे दिवे तेलाच्या दिव्यासारखे पिवळे व्हायचे आणि ऐन मालिकेत टीव्हीवरच्या सुनेचा चेहरा बारीक होत जायचा. मग लोक ओट्याखाली जमायचे. जे शेजारी माझ्या वडिलांच्या मातीला आले नव्हते, ते या निमित्तानं घरी आले. हा तो पहिला फायदा.

दुसरा फायदा, सरकारशी ओळख वाढते. मोटारींची नोंद जिथं होते त्या कचेरीचं नाव मी घेणार नाही. मला अजून स्कूटरचं लायसन नवं करून घ्यायचंय. खिडकीतला कारकून अर्ज वाचत होता.

"इंधन?"

"पेट्रोल आणि वीज."

"एक सांगा."

"दोन्ही आहेत."

"रकाना एक आहे. दोन इंधनं म्हणजे दोन वाहनं. दोन अर्ज करा."

"पण साहेब, मोटार एकच आहे."

"मग दुसऱ्या अर्जावर 'वाहन हजर केले नाही' असा शेरा मारू. तुमचं काय जातंय?"

मी दोन अर्ज केले. दुसऱ्या अर्जाला विजेच्या कचेरीचा ना-हरकत दाखला हवा निघाला. तिथल्या साहेबांनी मोटरची ताकद विचारली. मी सांगितलं, तीन हॉर्सपॉवर. साहेबांनी फाईल उघडली. तीन हॉर्सपॉवर म्हणजे शेतीपंप. विहीर कुठं आहे? मी म्हणालो, विहीर नाही, चाकं आहेत. साहेब म्हणाले, चाकं असू द्यात, विहिरीचा उतारा आणा. असे सोळा दिवस गेले. शेवटी साहेबांना माझी दया आली आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दाखला लिहून दिला: 'अर्जदाराच्या विहिरीवरील पंप पाणी न लागल्याने अन्यत्र हलविण्यास हरकत नाही.' या दाखल्यावर मोटारीची नोंद झाली. सरकारदरबारी माझी मोटार आजही एका कोरड्या विहिरीच्या काठावर उभी आहे. चौतीस वर्षं सरकारची चाकरी केलेल्या माणसाला सरकारनं दिलेला हा शेवटचा कागद.

तर एकोणीस मे. दीपा हळदीसाठी आदल्या दिवशीच भिंगारला आली होती, त्यामुळे पहाटेच उठून मनकर्णा लग्नघरच्या कामाला गेली. जाताना म्हणाली, "अहो, दीपी पुन्हा पुन्हा विचारतीय, आजी कवा येणार. वेळेवर आणा बरं." मी म्हणालो, "वरमाईच्या आधी पोचवतो." सहाला मी आणि कानिफनाथ निघालो. खटका त्यालाच कळायचा, म्हणून तो शेजारी.

मेहेकरीपर्यंत पेट्रोल. करंजी घाट आला आणि खटका खाली. इथून तिसगावकडं सगळा उतार. जपानच्या लोकांना काय ते उतारावरच्या विजेचं कौतुक! आमच्या मोटारीत घाटाच्या तिसऱ्या वळणालाच वीज मावेना. हॉर्न आपोआप वाजायला लागला. सकाळी सात वाजता दोन्ही दिवे भर उन्हात पेटले, वायपर सुरू झाले, आणि कानिफनाथच्या तोंडातली विझलेली बिडी पुन्हा लागली. करंजीत लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांना वाटलं मंत्री आला. एका म्हाताऱ्यानं तर धावत्या गाडीत अर्ज टाकला.

("बिडी कशी लागंल?" कारभारीनं इथं विचारलं. मी त्याला सांगितलं, शेतकऱ्याला विजेतलं काय कळतंय. मग तो गप्प बसला, कारण आमच्या भागात शेतकऱ्याला वीज फारशी भेटतच नाही.)

आठला तिसगाव. टेम्पो सातलाच गेला होता. जाताना मंडळींनी आक्काला पुन्हा एकदा विचारलं होतं, चढते का. ती म्हणाली होती, माजा भाऊ येनार हाय. आम्ही पोचलो तेव्हा ती दारात उभी होती, पांढरं लुगडं नेसून, कापडी पिशवी छातीशी धरून. आक्का सध्या आमच्याकडेच आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी बांधून आतल्या बाजेवर पडून असते आणि दुपारची झोपते. ही गोष्ट सांगायची तर ती झोपल्यावरच सांगावी, मग सांगणाऱ्याला मोकळीक मिळते.

आक्कानं मोटारीला एक पूर्ण फेरी मारली. बोटाच्या पेरानं दार वाजवून बघितलं.

"पत्रा पातळ हाय रं."

"चालते चांगली."

"चालंना का. तू आनलीस, लई झालं."

गल्ली भरली होती. आक्का आत चहाला गेली आणि मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. गावात असं टेकून उभं राहायला मिळावं म्हणून माणूस काय काय करतो. नऊला निघायचं, साडेदहाला भिंगार. वेळच वेळ होता.

तेवढ्यात गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि भीमाअण्णा आले. भीमाअण्णा गावातले मोठे बागायतदार. आक्काचा जन्म यांच्याच रानात वाकून गेला. त्या घरातलं माणूस आमच्या दारात कधी आलं नव्हतं. काही हवं असलं की निरोप यायचा. आज अण्णा स्वतः आले होते, डोक्याला फेटा, कपाळावर घाम. त्यांच्याही मुलीचं लग्न त्याच दिवशी होतं, दहा पाचचा मुहूर्त. पहाटेपासून गावची लाईट गेलेली आणि भाड्यानं आणलेलं जनरेटर धूर सोडून गप्प झालेलं.

"आक्काबाई, हायेत का?" अण्णांनी हाक मारली. आक्का उंबऱ्यात आली. अण्णा पायरीखाली उभे होते.

"काय व्हय अण्णा?"

"भोंगा बंद हाय बघा. पाहुनं बसल्यात, मंगलाष्टकं ऐकू कशी जानार? तुमच्या रंभाजीच्या मोटारीत बॅटऱ्या हायेत म्हनं. दोन द्या. अक्षता पडल्या की अर्ध्या तासात मानूस परत आनून दील. माजा शब्द."

आक्का आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं पुढं धरला. एवढी गल्ली, पण एक पोर हलेना. भीमाअण्णांनी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या प्याले, गळ्याची घाटी वरखाली होत होती, अर्धं पाणी सदऱ्यावर. तांब्या रिकामा करून आक्काच्या हातात दिला.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "रंभ्या, दे. कवा न्हाई ते दारात आल्यात."

कानिफनाथनं मागून माझा सदरा ओढला. "तात्या, चारी एकात एक जोडल्यात. दोन काढल्या तर उरलेल्या दोन कामाच्या न्हाईत. येताना घाट चढायचाय."

त्यांनी दोन मागितल्या होत्या. मी म्हणालो, "दोन कशाला? चारी न्या." असा उदारपणा माणसाला आयुष्यात एकदाच सुचतो, आणि नेमका तेव्हा सुचू नये. एक तांब्या पाणी आणि चार बॅटऱ्या. संकरित मोटारीचा हा तिसरा फायदा: पेट्रोलच्या मोटारीतून कुणी पेट्रोल मागायला दारात येत नाही.

दहा पाचला अक्षता पडणार होत्या म्हणे. आमच्या जिल्ह्यात लग्नं मुहूर्तावर लागत नाहीत, सत्कार संपल्यावर लागतात. भोंगा चालू झाला तो मंगलाष्टकांसाठी नाही. आधी सोसायटीचे चेअरमन, मग व्हाइस चेअरमन, मग दूध संघाचे माजी, मग भावी. प्रत्येकानं वधूवरांना आशीर्वाद दिले आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलले. आक्का नऊलाच मोटारीत जाऊन बसली होती, मागच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन. मी बाहेर फेऱ्या घालत होतो. प्रत्येक भाषणाबरोबर माझ्या बॅटरीतला थेंब न् थेंब त्या कर्ण्यातून गावभर सांडत होता आणि मला तो ऐकू येत होता.

शेवटी मी मांडवात गेलो. एकच काम होतं, बॅटऱ्या उचलायच्या आणि निघायचं. भीमाअण्णांनी मला लांबूनच बघितलं आणि माईकवाल्याच्या कानाला लागले. लगेच भोंग्यावर आलं, "आपल्या गावचे सुपुत्र, भिंगारचे सुप्रसिद्ध मोटार-संशोधक रंभाजीराव यांनी आजच्या मंगल कार्यासाठी वीज दिली, त्यांनी कृपया व्यासपीठावर यावं."

आता तुम्ही म्हणाल, जायचं नव्हतं. बरोबर आहे तुमचं. ओट्यावर बसून सगळ्यांचंच बरोबर असतं. ज्या मांडवाच्या बाहेर पंगत उठायची वाट बघत लहानपणी आम्ही उभे राहायचो, त्या मांडवात भोंग्यावर माझ्या नावापुढं राव लावलेलं होतं. मी गेलो. मला टोपी घातली. खांद्यावर टॉवेल टाकला. हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोला म्हणाले. मी फारच थोडा बोललो. संकरित मोटारीचे फायदे सांगितले.

बॅटऱ्या घेऊन बाहेर आलो तेव्हा आक्का तशीच बसली होती. मला वाटलं ती म्हणेल, तुझं नाव ऐकलं रं भोंग्यावर. ती म्हणाली, "वाजले किती?"

मी म्हणालो, "साडेदहा." घड्याळात थोडे जास्त होते. नारळ मी सीटखाली सरकवला.

निघालो. तिसगाव ते करंजी रस्ता तसा सपाट, पेट्रोलवर मोटार छान चालली. करंजीच्या अलीकडं एका बाभळीपाशी आक्कानं माझ्या खांद्याला हात लावला.

"हळू घे. हितली खडी माजी हाय."

मी हळू घेतली. कानिफनाथनं बिडी विझवली. तेवढे दीड-दोन मैल मोटारीनं आमचं ऐकलं. आक्का एकदा डावीकडं बघायची, एकदा उजवीकडं, आणि पुटपुटायची, हितं सोनाई बसायची, हितं मुकादमाचं पाल व्हतं, हितं माजं बोट चेंगारलं. चोवीस वर्षांपूर्वी जे कबूल केलं होतं ते तेवढ्यात उरकलं. मग घाट आला.

पहिल्या वळणाला मोटारीनं दम टाकला. कानिफनाथनं खटका खाली केला. काही नाही. मधे धरला, काही नाही. बॅटऱ्यांत चेअरमनपासून भावीपर्यंत सगळ्यांची भाषणं होऊन गेली होती. आत नुसता आंबूस वास शिल्लक होता. एकट्या पेट्रोलवर मोटार चार हात चढायची आणि दोन हात मागं यायची. मागं कांद्याचा ट्रक, त्याच्या मागं एस.टी. सगळे हॉर्न.

"तात्या," कानिफनाथ म्हणाला, "हिचा रिव्हर्स गिअर लई ताकदीचा हाय. उलटी चढवू."

मी म्हणालो होतो ना, विश्वास बसणार नाही. आम्ही मोटार वळवली, तोंड तिसगावकडं केलं आणि करंजी घाट उलटा चढायला लागलो. कानिफनाथ मागच्या काचेतून डोकं बाहेर काढून सांगायचा, "डावं, डावं, दरी, दरी!" आणि मी मान मोडून स्टिअरिंग फिरवायचो. आक्का मागं बसून पुढं बघत होती, म्हणजे मागं. गाव तिच्या समोर होतं आणि दर वळणाला खाली जात होतं.

कांद्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "म्हाताऱ्या, तोंड गावाकडं आन् निघालाय कुठं?"

"नातीच्या लग्नाला!" आक्का ओरडून म्हणाली.

"कवाच्या?"

"आत्ताच्या!"

ट्रकवाला चढाला थांबला, खाली उतरून त्यानं आमच्या चाकामागं दगड लावला, आम्हाला पाणी पाजलं आणि दगड काढून निघून गेला. त्या दिवशी भेटलेल्या माणसांपैकी कसलंही भाषण न करणारा तो एकटाच.

(इथं कारभारी पुढं सरकला. त्याच्या हातातला पेपर केव्हाच खाली पडला होता. गुरुजीही येऊन उभे राहिले होते. "मग, तात्या? गाठलं का लगीन?")

गाठलं म्हणजे काय, असं गाठलं की सांगून खरं वाटणार नाही. घाटमाथ्यावर आलो तेव्हा अकरा पन्नास. मोटार सुलटी केली. उलटं चढताना चाकं उलटी फिरली होती, त्यामुळे सांडलेली सगळी वीज बॅटऱ्यांत परत शिरली होती. खटका मधे धरला. पेट्रोल आणि करंट, दोन्ही बैल एकदम सुटले. मेहेकरीचे टपरीवाले आम्हाला बघूही शकले नाहीत, त्यांना नुसता वारा लागला. भिंगारच्या हॉलपुढं ब्रेक दाबला तेव्हा बारा चौतीस. आत भंतेजींचं शेवटचं वाक्य चाललं होतं. आक्का माझा हात सोडून सरळ आत शिरली. सगळ्यांनी वाट दिली. दीपीनं तिला बघितलं आणि हातातला हार घेऊन तशीच थांबली. आजी पुढं आली तेव्हाच तिनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातला. आणि फुलं पडली, पण सगळ्यांत आधी कुणाची पडली? आक्काची! ओंजळ भरभरून. मी दारातून बघत होतो. कारभारी, तुला सांगतो, एवढ्या सगळ्या फायद्यांत खरा फायदा हाच, की वेळेवर...

"रंभ्या."

आतून आवाज आला. आक्का पडद्यापाशी उभी होती. एका डोळ्यावर पट्टी, एक हात भिंतीला. कधी उठली होती कुणास ठाऊक. कारभारी ओट्यावरून उठून उभा राहिला.

"आक्का, तुमी झोपा की," तो म्हणाला. "तात्या सांगतोय नुसतं."

"त्येच ऐकते मगाधरनं." ती माझ्याकडं बघत नव्हती, बाहेर कुठंतरी बघत होती. "कशाला खोटं सांगतो रं त्यास्नी? चार वाजल्ते. पोरगी कोल्हारच्या गाडीत बसून गेल्ती. हॉलात एक बाई झाडत व्हती, ती म्हनली, आजी, कुनाकडचं तुमी? म्या तिच्या टोपल्यातली मूठभर फुलं उचलली, रिकाम्या खुर्च्यांवर टाकली, आन् तिनं ती परत झाडून काढली."